वाळूच्या घमेल्यातला ऊद

मोम्बासातल्या बाईच्या घरात एखादे दिवशी मीठ नसेल, पण ऊद नसेल असं होत नाही. धुतलेले कपडे वेताच्या टोपलीवर पसरून खाली धुपाटणं ठेवायचं, न्हाल्यावर केस धुपवायचे, पाहुणे यायच्या आधी पडद्यांपासून गिरद्यांपर्यंत सगळं घर धुपवायचं, हे वळण स्वाब्राला आईच्या हातून मिळालं होतं. त्यामुळे मांजरीच्या वाळूच्या घमेल्याला वास येतो म्हटल्यावर तिने ते घमेलंही धुपवायला घेतलं. यात आपण काही विचित्र करतोय असं तिला वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिथल्या कुठल्याच नीटनेटक्या बाईला वाटलं नसतं.

मांजरीचं नाव कराफू, म्हणजे लवंग. रंग तसाच काळपट तपकिरी आणि स्वभावही तसाच तिखट. ती मुळात सासूबाईंची. जुन्या गल्लीतल्या घराला मागे परस होतं. कराफू तिकडे जाऊन, उरकून, माती लोटून, पाय झटकत परत यायची आणि कुणाला काही पत्ता नसे. जाण्याआधी सासूबाईंनी स्वाब्राचा हात धरून सांगितलं होतं, म्हाताऱ्याला कॉफी कडूच दे आणि माझ्या कराफूला घराबाहेर काढू नकोस. पुढे त्या घराचं छत खचलं. स्वाब्रा, तिचे सासरे फमाऊ आणि कराफू, तिघं नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. नवरा लाली जहाजावर खानसामा, वर्षातला बराच काळ पाण्यावर. मूलबाळ नव्हतं. लहानथोर सगळे सासऱ्यांना मझे म्हणत, वडीलधाऱ्या माणसाला तिकडे तशीच हाक मारतात; स्वाब्रा तेवढी बाबा म्हणे.

या इमारतीत गुरुवारच्या बायका होत्या. दर गुरुवारी दुपार कलली की एकीच्या घरी जमायचं, मौलूद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माची कवनं, म्हणायचा, मग चहा, समोसे, हलवा, आणि ज्या आल्या नाहीत त्यांच्याबद्दल चार शब्द. स्वाब्राला आत घ्यायला त्यांनी बराच वेळ लावला. जुन्या गल्लीतली माणसं म्हणजे जरा गबाळीच, असं त्यांचं मत होतं, आणि हे मत बनवलं होतं बी तिमाने; बी म्हणजे बाईसाहेब. बी तिमाच्या होकाराशिवाय त्या इमारतीत पान हलत नसे. बाई दांडगी, आवाज खणखणीत, नाक तर असं की दुसऱ्या मजल्यावर करपलेला भात तिला पाचव्या मजल्यावर कळायचा.

"तुझ्याकडे बसायला जागा आहे ना ग?" एके दिवशी तिने जिन्यात विचारलं.

"आहे ना, बी."

"मग पुढचा गुरुवार तुझा."

स्वाब्राला आनंद झाला तो चार पायऱ्या चढेपर्यंत टिकला. कारण घरात शिरताच तिला सगळ्यात आधी वास आला तो खिडकीजवळच्या गिरदीचा.

कराफूने सुरुवातीला घमेल्याची काही तक्रार केली नव्हती. न्हाणीघराच्या कोपऱ्यात ती जायची, वाळू उकरायची, झाकून यायची. पण बंद खोल्यांत वास कोंडतो. स्वाब्राने मग रोज वाळू बदलून तिच्यावर गुलाबपाणी शिंपडायला सुरुवात केली, आणि घमेल्यात धुपाटणं ठेवून वर टोपली पालथी घालायची, म्हणजे धूर मुरेल. तेव्हापासून कराफू घमेल्यापर्यंत जायची, हुंगायची, एक पाय झटकायची आणि गिरदीकडे वळायची. स्वाब्रा गिरदी धुवायची, उन्हात टाकायची, धुपवायची, आणि घमेल्यात ऊद आणखी वाढवायची. जितका ऊद वाढला तितक्या गिरद्या ओल्या झाल्या, आणि हे दोन्ही जोडून बघायचं तिच्या डोक्यात आलं नाही.

मांजरीला तिथे कुणी वाईट म्हणत नाही. ती पाण्याला तोंड लावून गेली तरी पाणी पाक. पण तिचं मूत नापाक, ते जिथे लागलं तिथे नमाज होत नाही, आणि त्या घरात मौलूद म्हणायला कोण बसेल? समोरच्या इमारतीतल्या एका बाईकडे असंच झालं होतं. तिच्याविषयी बोलताना बी तिमा म्हणाली होती, "जिला एक मांजर धड सांभाळता येत नाही..." आणि वाक्य तिथेच सोडलं होतं. त्या बाईच्या दारात पुन्हा कुणी चपला काढल्या नाहीत.

गुरुवारी सकाळपासून स्वाब्राने सगळं घासून काढलं. समोसे भरले, वेलचीचा चहा ठेवला, घमेल्यात दुप्पट ऊद जाळला. आणि बायका यायच्या तोंडावर कराफू तिच्या डोळ्यांदेखत खिडकीजवळच्या गिरदीवर चढली, दोनदा उकरलं, बसली, आणि स्वाब्राकडे बघत बघत तिने आपला कार्यभाग उरकला. स्वाब्राने गिरदी उलटी केली, वर नवाकोरा लेसो, अंगाभोवती गुंडाळायचं छापील सुती कापड, अंथरला आणि धुपाटणं तिथे आणून ठेवलं. तेवढ्यात दार वाजलं.

बी तिमा बसली ती नेमकी त्याच गिरदीवर.

मौलूद छान झाला. शेवटच्या ओळी सगळ्यांनी उभ्याने म्हटल्या, मग बसल्या, आणि बी तिमा बसता बसताच थांबली. तिने एकदा उजवीकडे हुंगलं, एकदा डावीकडे.

"स्वाब्रा, रागावू नको ग. ऊद चांगला आहे, कुठून आणलास तेही सांग. पण त्याच्या खाली हा वास कसला?"

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. शेजारच्या म्वानाशाने चहाचा कप ओठांपासून खाली घेतला. मांजर, एवढाच शब्द बोलायचा होता. तेवढ्यात स्वाब्राची नजर घरातल्या बोळापलीकडच्या मझेंच्या दाराकडे गेली. दाराला पडदा होता.

"बी," ती आवाज खाली आणून म्हणाली, "वय झालंय बाबांचं."

पुढे कितीतरी वेळा तिने स्वतःशी हिशेब मांडला की आपण खोटं असं काही बोललो नाही, वय तर झालंच होतं. पण ती नजर आणि तो खाली आणलेला आवाज, ते दोन्ही खोटं होतं आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

खोली क्षणात मऊ झाली. "अग माझ्या लेकरा," बी तिमा म्हणाली, "आणि तू एकटी हे सगळं करतेस? नवरा तिकडे समुद्रावर?"

"माझ्या सासूच्या वेळी मी दोन वेळा अंथरूण बदलायची," एकजण म्हणाली. "जन्नतचं दार आहे ते, बाई. नाक धरून का होईना, त्यातूनच जायचं."

"आपण दुसऱ्याचं झाकलं तर अल्ला आपलं झाकतो," बी तिमाने सगळ्यांवरून नजर फिरवली. "ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. ऐकलंत का ग?"

ऐकलं, सगळ्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट लिफ्टने खाली गेली आणि जिन्याने वर आली.

त्या गलक्यात स्वाब्राने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली दोन पाय दिसत होते, म्हातारे, टाचा फुटलेले. मझे कॉफी मागायला आले असावेत. पाय थोडा वेळ तसेच राहिले आणि मग आवाज न करता मागे गेले.

मझेंना स्वतःला वास येत नव्हता. आयुष्यभर तपकीर ओढून त्यांचं नाक केव्हाच निकामी झालं होतं. त्यामुळे बायकांनी म्हटलं म्हणजे खरंच असेल, असं ते धरून चालले. दुसऱ्या दिवशी स्वाब्राला न्हाणीघरात पाण्याचा आवाज आला. मझे खाली बसून आपली चादर धूत होते. त्यांना पिळता येत नव्हती, पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं.

"बाबा, द्या इकडे. मी धुते ना."

"राहू दे. माझं मी करीन."

"पण चादर चांगली आहे, बाबा."

"तू चांगली आहेस म्हणून चांगली म्हणतेस," ते मान वर न करता म्हणाले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. चार शब्दांचं काम होतं. पण स्वाब्राला वाटलं, आज ना उद्या हे आपोआप विरून जाईल, बायका विसरतील, मझेही विसरतील. शिवाय, हे कबूल करायला तिला फार जड जात होतं, पण शिवाय तिला बरंही वाटत होतं. बी तिमा जिन्यात थांबून तिच्या खांद्यावर हात ठेवायची. म्वानाशा नारळाच्या रसातल्या तुरी घेऊन यायची, "तुला कुठला वेळ मिळायला ग." जुन्या गल्लीतली गबाळी बाई एका गुरुवारात इमारतीची पुण्यवान सून झाली होती. त्या तुरी खाताना घास तोंडात फिरायचा, तरी ती खायची.

मझेंनी दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं. कडू कॉफी तशीच थंड व्हायची. खुर्चीवर बसायच्या आधी ते प्लॅस्टिकची पिशवी अंथरायचे. आणि ते मशिदीत जायचे थांबले. इमारतीच्या समोरच मशीद. पहिल्या रांगेत, इमामाच्या उजव्या हाताला, त्यांची जागा ठरलेली. आता ते गुडघे दुखतात म्हणायचे आणि आपल्या खोलीतच नमाज पढायचे. पण नमाजची वेळ टळून गेल्यावरही आतून त्यांचं पुटपुटणं आणि उठण्याबसण्याचा आवाज येत राहायचा, पुन्हा पुन्हा, दिवसभर. हे काय चाललंय ते स्वाब्राने विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती.

एका दुपारी मशिदीची झाडलोट बघणारा अबुदी वर आला. केस पिकलेला, अदबशीर माणूस. त्याच्या हातात निळी चटई होती, खालून प्लॅस्टिक लावलेली.

"मझे, तुमच्याविना रांग सुनी वाटते. दाराजवळच्या कोपऱ्यात तुमच्यासाठी जागा केलीय, पंख्याखाली. ही चटई फक्त तुमची. दुसरं कुणी हिच्यावर बसणार नाही, माझा शब्द."

त्याच्या बोलण्यात टिंगल नव्हती, हेच वाईट होतं. मझेंनी दोन्ही हातांनी चटई घेतली. "अल्ला तुझं भलं करो," ते म्हणाले. अबुदी गेल्यावर स्वाब्रा स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. भांडं एकही घासायचं नव्हतं.

त्यानंतर मझे पुन्हा जायला लागले. काखेत निळी चटई, मान खाली, आणि जागा दाराशी, सगळ्यांच्या चपलांना लागून.

मग एकदा असं झालं. स्वाब्राने शेजारच्या बांधकामावरून ताजी वाळू आणली, घमेल्यात ओतली आणि निखारे पेटवायला गेली. निखारे धरेनात. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं. धुपाटणं घेऊन परत आली तर कराफू घमेल्यात. कोऱ्या, बिनवासाच्या वाळूत ती मनसोक्त उकरत होती. मग बसली, डोळे मिटले, भरपूर वेळ बसली, आणि उठून चारी बाजूंनी वाळू लोटून टाकली. घमेल्याबाहेर एक कणही नाही.

स्वाब्रा बघत राहिली. तिने वाळू बदलली, मुद्दाम धूर दिला, गुलाबपाणी शिंपडलं आणि दाराआड थांबली. बऱ्याच वेळाने कराफू आली, तिने हुंगलं, शिंकली, आणि सरळ मझेंच्या पलंगाकडे चालू लागली. स्वाब्राने धावत जाऊन तिला उचललं.

मांजरीला कसलीच लाज नव्हती. लाज स्वाब्राची होती. तिनेच ती लाज धुरात घोळवून घमेल्यात भरली होती, आणि मांजरीला तिथून हाकलून लावलं होतं. आणि तिथून निघालेलं सगळं जाऊन पडलं होतं म्हाताऱ्याच्या अंगावर.

त्या दिवसापासून घमेल्याला ऊद बंद. गिरद्या तिने व्हिनेगरच्या पाण्याने धुतल्या, गच्चीत कडकडीत वाळवल्या. कराफू पहिल्यासारखी शहाण्यासारखी वागू लागली. घराला वास म्हणून राहिला नाही.

मग ती मझेंच्या खोलीत गेली आणि पलंगाशी खाली बसली. मझे तपकिरीची डबी हातात घेऊन बसले होते. बुडाखाली पिशवी होतीच.

"बाबा, ते तुम्ही नव्हतात. कराफू होती."

"कुठे होती?"

"तो वास कराफूचा होता. तुमचा कधीच नव्हता. तुमची चादर नेहमी कोरडी होती." तिला वाटलं एवढ्यावर थांबावं. पण थांबली असती तर तेही खोटंच झालं असतं. "आणि मला ठाऊक होतं. त्या दिवशी माझ्यासमोर तिने केलं होतं. बायकांनी विचारल्यावर मला माझीच लाज वाटली आणि मी तुमच्या पडद्याकडे बघितलं."

मझेंनी डबीवर बोटाने टकटक केलं.

"म्हणजे माझी नमाज होत होती?"

स्वाब्राला आधी कळलंच नाही. "हो, बाबा. सगळी होत होती."

"मला वाटलं, मी नापाक. कधीपासून ते माहीत नाही. म्हणून मागची सगळी पुन्हा करत होतो. जेवढी आठवेल तेवढी. कधीपासूनची धरायची तेच कळत नव्हतं ग." त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण चेहरा उजळला होता. "तुझी सासू गेली तेव्हा तिच्यासाठी मागितलेला दुवा? तो पण पोचला?"

"पोचला, बाबा."

त्यांनी डोळे मिटले आणि पापण्यांखालून पाणी आलं. स्वाब्राने जमिनीकडे पाहिलं. ते ओरडले असते तर तिला सुटल्यासारखं झालं असतं.

"मला शिव्या द्या, बाबा."

"आत्ताच वुजू करून, हातपाय धुऊन बसलोय. शिव्या कशाला द्यायला लावतेस?" त्यांनी बाहीने नाक पुसलं. "त्या बायकांना जाऊन सांग. मला नाही सांगता येत. मशिदीत उभा राहून काय सांगू, की भाऊ लोकांनो, मी मुतत नाही?"

पुढचा गुरुवार म्वानाशाकडे होता. स्वाब्रा समोशांपर्यंत थांबली नाही. सगळ्या बसताच ती उभी राहिली.

"मला काही सांगायचंय. माझ्या घरी जो वास येत होता तो बाबांचा नव्हता. माझ्या मांजरीचा होता. मला माहीत होतं आणि मी खोटं बोलले. बाबा स्वच्छ आहेत. त्यांचं नाव मी घाण केलं."

बोलून झालं. आता बी तिमा काय म्हणेल ते ऐकायला ती तयार होती. वाक्य अर्धं सोडील, बायका चपला घालतील, आपल्या दारात पुन्हा कुणी येणार नाही. ते सगळं ती मोजून आली होती.

बी तिमाच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बघितलंत?" ती इतरांकडे वळली. "सासऱ्याची लाज झाकायला ही पोर स्वतःच्या घराची अब्रू द्यायला निघालीय. याला म्हणतात झाकणं. आपण नुसत्या तोंडाने बोलतो."

"नाही, बी. खरंच मांजर."

"हो ग हो. मांजरच. आम्ही सगळ्याजणी मांजरच म्हणू."

"अहो, मी ऊद घालत होते घमेल्यात, म्हणून ती बाहेर करायची. घरी येऊन बघा ना."

"परवाच तर येऊन गेले," म्वानाशा मायेने म्हणाली. "वासाचा मागमूस नाही. मीच विचारणार होते, काय बांधतेस ग त्यांना? माझ्या मामांसाठी हवंय."

कुणीतरी हसली, कुणीतरी तिला गप्प केलं. स्वाब्राने पुन्हा सांगितलं, शपथेवर सांगितलं. जितकं सांगावं तितक्या त्या माना डोलवत होत्या. बी तिमाने हलव्याचा मोठ्यात मोठा तुकडा उचलून तिच्या बशीत ठेवला. स्वाब्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती घरी आली तेव्हा मझे तयार होते. पांढरा अंगरखा, धुतलेली टोपी, डोळ्यांत सुरमा. आज पहिली रांग, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

हो म्हणावं असं अगदी ओठांवर आलं. पण पुन्हा या माणसाशी खोटं बोलायला तिची जीभ उचलेना. "त्यांना पटलं नाही, बाबा. म्हणाल्या, मी तुमचं झाकतेय."

"तुझं नाव फार मोठं झालंय बाई," मझे म्हणाले. एवढंच, पण ते तिला लागलं.

त्यांनी दारामागची निळी चटई घेतली, न्हाणीघरात नेली, वाकून कराफूच्या घमेल्याखाली अंथरली आणि हात धुऊन रिकाम्या हातांनी जिना उतरायला लागले.

स्वाब्रा गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली मझे रस्ता ओलांडत होते, टोपी सरळ, काखेत काही नाही. मशिदीच्या दाराशी अबुदी चपला नीट लावत होता. त्याने मझेंचे रिकामे हात पाहिले, लगबगीने आत गेला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तशीच दुसरी चटई होती, नवीकोरी. मझे काहीतरी बोलले. हाताने घराकडे, वर, खिडकीकडे दाखवलं. मांजर म्हणत असावेत. आजूबाजूला थांबलेल्या माणसांनी सभ्यपणे नजर खाली घातली. अबुदी मान डोलवत राहिला, हो मझे, हो, आणि चटई त्याने दोन्ही हातांनी पुढे धरली.

दोन्ही हातांनी दिलेली वस्तू नाकारायची त्यांच्यात रीत नाही. मझेंनी ती घेतली, काखेत धरली आणि आत गेले.

मग अबुदीने वर पाहिलं. स्वाब्रा त्याला दिसली. त्याने छातीवर हात ठेवला आणि फार आदराने तिच्यापुढे मान लववली. तिला हात हलवून नाही, नाही म्हणायचं होतं. पण तिसऱ्या मजल्यावरून ते सलामाला सलाम केल्यासारखं दिसलं असतं, म्हणून तिने हात कठड्यावरून उचलला नाही.